अर्धी झडती

पोळ्याच्या आठ दिवस आधी पोळा समितीनं ठराव केला की यंदा तोरणाखाली पहिली झडती चंद्रभान म्हणणार नाही. कारण लेखी दिलं होतं : ‘प्रकृती अस्वास्थ्य, तसेच त्यांस बौद्धिक विश्रांती मिळावी या सद्हेतूने.’ चंद्रभानला बौद्धिक विश्रांती मिळावी ही रूपरावची इच्छा तशी अकरा वर्षं जुनी होती. सद्हेतू तेवढा नवा होता.

झडती म्हणजे पोळ्याला, बैल सजून तोरणाखाली उभे असताना, गावासमोर खड्या आवाजात म्हणायच्या चार-सहा ओळी. त्यांत यमक पाहिजे, टोमणा पाहिजे, आणि शेवटी साऱ्या गावानं ‘हर हर महादेव’ म्हणून त्यावर शिक्कामोर्तब केलं पाहिजे. वर्षभर जे कोणी कोणाच्या तोंडावर बोलत नाही ते त्या दिवशी बोलायचं आणि ऐकणाऱ्यानं राग धरायचा नाही, असा नियम होता. तो कुठंच लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे पाळत. रोहण्याहून चार किलोमीटर आत असलेल्या या गावात सव्वीस वर्षं पहिली झडती चंद्रभानची असे. तलाठी, कृषी सहायक, दुधात पाणी घालणारा त्याचा सख्खा साळा, कोणीच त्यातून सुटलं नव्हतं. रूपरावचा नंबर तर अकरा वर्षं चुकला नव्हता.

रूपराव म्हणजे सरपंच कौशल्याबाईंचा नवरा. निवडून आलेल्या कौशल्याबाई सही करत, आणि निवडून न आलेला रूपराव बाकी सगळं करी.

दोन वर्षांपूर्वी चंद्रभान वखर सोडता सोडता बांधावर बसला तो उठेचना. डोक्यातली नस बुजली होती. उजवा हात-पाय सहा महिन्यांत परत आले. शब्द आले नाहीत. म्हणजे यायचे, पण बोलावलेला येत नसे, त्याचा शेजारी येई. चष्मा मागायला तोंड उघडावं तर ‘आरसा’ निघे. चुना मागावा तर ‘दही’. तहान लागली की तो ‘विहीर’ म्हणे आणि घरचे घाबरून त्याच्या मागे धावत. शिव्या मात्र सगळ्या शाबूत होत्या. एकही हरवली नव्हती.

पण शब्द गेल्यापेक्षा त्याला जास्त जाच होता तो मदतीचा. तो बोलता बोलता थांबला रे थांबला की समोरचा माणूस त्याच्या वाक्यात आपला शब्द घुसडून मोकळा होई.

“मले जरा ते... ते दे...”

“टॉवेल?” “चाय?” “गोळी?” “झाडू?”

आणि झाडू हातात येई. सव्वीस वर्षं गावाच्या तोंडी शब्द देणाऱ्या माणसाला आता गाव झाडू देत होतं. मागच्या पोळ्याला तो तोरणाखाली उभा राहिला, दोन ओळी म्हटल्या, तिसरीला अडकला. लोकांनी दया करून मध्येच ‘हर हर महादेव’ म्हणून टाकलं. ती दया त्याला नस बुजल्यापेक्षा जास्त लागली. यंदाही झडती गेली तर आपण गेलो, हे तो पक्कं समजून होता. मग उरेल तो ओट्यावर बसलेला, झाडू हातात घेतलेला एक म्हातारा, ज्याच्याशी लोक मोठ्यानं आणि सावकाश बोलतात.

ठरावाचा कागद रूपराव स्वतः घेऊन आला. सोबत पुतण्या गोपाल होता. वय पस्तीस, व्यवसाय पुतण्या.

“चंद्रभानभाऊ, तुमी यंदा स्टेजवर बसा,” रूपराव मोठ्यानं आणि सावकाश म्हणाला. “शाल देतो. नारळ देतो. पह्यली झडती गोपाल म्हनते.”

“मी मोबाइलवर लिहून ठेवली, काका,” गोपाल म्हणाला. “विकासावर आहे.”

चंद्रभाननं कागद पाहिला. मग रूपरावकडे पाहून म्हणाला, “तुह्या... तुह्या त्या...”

“शालीचा कलर?” रूपरावनं मदत केली.

चंद्रभाननं मग शाबूत असलेल्यांपैकी एक शब्द वापरला. शकुबाई आतून म्हणाली, “आवो, घरी आलेल्या मानसाले असं बोलते का कोनी!” पण चहा टाकला नाही.

ते दोघं गेल्यावर प्रेमदास आला. प्रेमदास आर्वीच्या तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला. त्याची दोन एकर होती आणि एक बैलजोडी. महादेवाचं नाव तो घेत नसे. बावीस प्रतिज्ञा त्याला पाठ होत्या आणि त्यातली एकही त्यानं मोडली नव्हती. पण पोळ्याला जोडी घेऊन येई आणि चंद्रभानच्या प्रत्येक झडतीचं शेवटचं यमक तो सगळ्यात आधी ओळखी. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढल्यामुळे वाक्य कुठं चाललंय हे त्याला लवकर कळत असे.

“जय भीम, गड्या. हे पाहा,” त्यानं खिशातून घडी काढली. “पंचनाम्याची नक्कल. माहितीच्या अधिकारात काढली. ‘दिनांक चार मे रोजी आलेल्या वादळी वाऱ्याने आखरावरील कडुनिंबाचे झाड समूळ उन्मळून पडले.’”

आखर म्हणजे गावाबाहेरची गुरं गोळा होण्याची जागा. पोळा तिथंच भरतो. तोरणाचा दोर कैक पिढ्या त्या निंबाला बांधला जाई. मे महिन्यात निंब गेला आणि त्या जागी हिरव्या-पिवळ्या रंगाची ओपन जिम आली.

“चार मेले तं... हे... हे होतं...” चंद्रभाननं हातानं वर, स्वच्छ, काही नाही, असं दाखवलं.

“ऊन. चार मेले माह्या आंगनात पापड वाळू घातले होते. एक नाई उडाला.” प्रेमदासनं घडी परत खिशात घातली. “सुतारानं सात दिवस काय केलं ते साऱ्या गावाले ठाऊक आहे. रूपरावच्या बैठकीच्या खोलीत जाऊन पाह्य. पन बोलन कोन? ज्याले घरकुल पाह्यजे तो नाई बोलत, ज्याचा दाखला अडला तो नाई बोलत. माही बी फेरफाराची नोंद अडून आहे. मी बी नाई बोलत.”

गुरुवारी चंद्रभान आणि शकुबाई एसटीनं वर्ध्याला गेले. दर पंधरा दिवसांनी तिथल्या मोठ्या दवाखान्यात काजल नावाची एक मुलगी त्याच्याकडून शब्दांची कवायत करून घेई. काजल नालवाडीची. शिक्षण संपत आलेलं, धीर अजून संपलेला नव्हता.

“काका, गेल्या वेळी तुम्ही विचारलं होतं, डोकं रिकामं झालं का म्हणून,” ती म्हणाली. “नाही झालं. असं समजा, कापूस वेचायला बाया आल्या आहेत. त्या म्हणजे शब्द. एकही गावी परत गेलेली नाही. ‘बैल’ म्हटलं की शिंग, वेसण, शेण, वखर, पोळा सगळ्याजणी एकदम उभ्या राहतात. तशा माझ्याही डोक्यात राहतात. पण माझ्याकडे एक मुकादम आहे. तो म्हणतो, आत्ता वेसण पाहिजे, बाकीच्या बसा. तुमचा मुकादम आजारी आहे. म्हणून गलका होतो आणि जी दाराशी असेल ती बाहेर पडते.”

“मुकादम,” चंद्रभान म्हणाला. हा शब्द पहिल्या झटक्यात आला याचं त्यालाच नवल वाटलं. “बदल... बदलून...”

“बदलून नाही मिळत. पण त्याला इशारा देता येतो. मी पहिलं अक्षर देते, किंवा अर्धं वाक्य देते.” तिनं कुलपाचं चित्र उचललं. “दाराला लावलं...”

“कुलूप,” शकुबाई म्हणाली.

“काकू, तुम्ही नाही सांगायचं.”

“मी कुठं सांगतलं? ते तं आपोआप निघालं वं.”

“बरं. आता गप्प बसायचं हं. काका, भाकरीसोबत खाल्ला झणझणीत...”

“ठेचा!” शकुबाई म्हणाली आणि पदर तोंडावर धरला. “बाई, मले भायेर बसव. हे माह्यानं होत नाई.”

काजल हसायला लागली. “तुमचा दोष नाही काकू. अर्धं वाक्य कानावर पडलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात पुढचा शब्द उठून बसतोच. बोलायला जोर लागत नाही, गप्प राहायला लागतो. यमक असलं तर आणखी कठीण.”

चंद्रभान कुलपाच्या चित्राकडे पाहत राहिला. दोन वर्षं लोक त्याच्या वाक्यात शब्द कोंबत होते ते चांगुलपणा म्हणून, असं तो धरून चालला होता. त्यांना राहवत नाही म्हणून ते कोंबतात, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे जागा रिकामी सोडली की ती भरायला गाव धावतं. मग जागा कुठं सोडायची हे आपण का ठरवू नये?

परतीच्या एसटीत तो रोहण्यापर्यंत डोळे मिटून, कपाळावर बोटांनी ठेका धरून बसला. शकुबाईनं विचारलं, “डोकं दुखून राह्यलं का?” त्यानं मान हलवली. डोकं दुखत नव्हतं. चाललं होतं.

झडती रचायला त्याला पाच दिवस लागले. पूर्वी बैल धुता धुता होई. आता शब्द हाका मारून येत नव्हते, म्हणून तो यमकाचं दावं टाकून एकेकाला ओढून आणी. ‘गार’ला ‘चार’ आला. ‘सुटला’नं ‘तुटला’ आणला. अर्थानं हाक मारली की न येणारा शब्द आवाजानं हाक मारली की येई, हे त्याला काजलनं सांगायची गरज पडली नाही. एक शब्द मात्र जवळ असूनही सारखा निसटे. तो त्यानं सगळ्यात शेवटी ठेवला आणि दिवसातून वीस वेळा घोकला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, शकुबाई बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होती. चंद्रभान दावणीला टेकून उभा राहिला आणि सहज म्हणावं तसं म्हणाला :

“आरा चालला, रंधा चालला, निंबानं सोडला ठाव,
ज्याच्या घरी मुक्कामी गेला, तो आपला...”

“रूपराव,” शकुबाई म्हणाली. मग हळदीचा हात तसाच तोंडावर ठेवला. “आवो! माह्या तोंडून काऊन बोलवता?”

चंद्रभान दोन वर्षांत पहिल्यांदा पोट धरून हसला. बैलानंसुद्धा मान वळवून पाहिलं.

“तुमी काई भलतं करू नका. त्यायच्या हातात सारं आहे.”

“मी... काई नाई... बोलत,” चंद्रभान म्हणाला. आणि ते खरं होतं.

पोळ्याच्या दिवशी चार वाजता आखरावर सत्तरेक जोड्या उभ्या राहिल्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली. तोरणाचा दोर एका टोकाला विजेच्या खांबाला आणि दुसऱ्या टोकाला ओपन जिमच्या लोंबकळायच्या दांडीला बांधला होता. बैल त्या दांडीकडे पाहत होते. माणसं पाहायचं टाळत होती. सावली कुठंच नव्हती. स्टेजवर छत होतं, त्याखाली रूपराव, आणि शेजारी कौशल्याबाई, उत्कृष्ट जोडीचं बक्षीस पुकारायला हातात माइक घेऊन. पुकारायचं नाव रूपराव चिठ्ठीवर लिहून देणार होता. अजून दिलं नव्हतं. चंद्रभानसाठी मांडलेली खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर शाल बसली होती.

गोपालनं मोबाइल डोळ्यांसमोर धरून पहिली झडती वाचली. तीत पेव्हर ब्लॉक होते, हायमास्ट दिवा होता, आणि ‘विकास’शी ‘प्रयास’ जुळवलेला होता. शेवटी लोकांनी ‘हर हर महादेव’ म्हटलं, ते शाळेत हजेरी द्यावी तसं.

ठरावात पहिल्या झडतीची मनाई होती. दुसरीबद्दल ठराव गप्प होता. चंद्रभाननं आपल्या जोडीचा कासरा शकुबाईच्या हातात दिला आणि तो तोरणाखाली येऊन उभा राहिला.

“चंद्रभानभाऊ, वर या, शाल हाये!” रूपराव ओरडला.

चंद्रभाननं उजवा हात वर केला.

“आखरावरचा निंब मोठा, सावली त्याची गार,
वादळ आलं कागदावर, तारीख त्याची चार!”

आवाज तोच होता. बैलांच्या रांगेत हालचाल झाली, म्हणजे बैलांमागच्या माणसांत झाली. प्रेमदास टाचा उंचावून उभा राहिला.

“कोनाचं कवेलू हललं नाई, पत्रा नाई सुटला,
पाह्य बाप्पा, एकटा निंब बुडापासून...”

आणि तो थांबला. तोंड उघडं, हात हवेत. मागच्या वर्षीसारखाच. लोकांच्या चेहऱ्यावर मागच्या वर्षीची दया येऊ लागली, पण तिच्या आधी दुसरंच काही आलं.

“तुटला!” प्रेमदास म्हणाला. त्यामागून आणखी आठ-दहा जण म्हणाले. शब्द साधा होता, त्यात कुणाचं काही जात नव्हतं. मदत केल्याचं समाधान सगळ्यांना मिळालं.

“आरा चालला, रंधा चालला, निंबानं सोडला ठाव,
ज्याच्या घरी मुक्कामी गेला, तो आपला...”

“रूपराव!”

सगळं आखर बोललं. घरकुलवाले बोलले, दाखलेवाले बोलले, फेरफारवाला सगळ्यात मोठ्यानं बोलला. गोपालसुद्धा बोलला, त्याचा मोबाइल हातातच होता. बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे एकेकाला उमगत गेलं आणि जो तो आपल्या बैलाची झूल सारखी करायला लागला.

रूपराव उभा राहिला होता. चंद्रभाननं त्याच्याकडे न पाहता पुढची ओळ घेतली.

“चार पाय फुटले त्याले, वरतं गादी छान,
पाहुना आला, टेकला बूड, निंबाचा झाला...”

इथंही तो थांबणारच होता. ठरवून. तो थांबला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की शब्द खरोखरच गेला आहे.

घोकलेला, वीस वेळा घोकलेला शब्द. आत नुसता गलका. खाट उठली, बाज उठली, पलंग, उशी, चादर, पाळणा, तिरडीसुद्धा उठली, सगळ्या एकदम दाराशी. मुकादम बेपत्ता. त्यानं गावाकडे पाहिलं. भरा ना रे. कोंबा एकदा. पण एकदा पोळलेलं गाव आता ओठ दाबून उभं होतं. प्रेमदासचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. एवढा जोर गप्प राहायला लागतो हे चंद्रभान समोर पाहत होता. ‘बाज’ म्हणावं का? पण बाज यमकात बसत नव्हती, आणि बाज खोटी होती. चुकीचा शब्द टाकून झडती संपवण्यापेक्षा तो असाच, हात वर करून, अंधार पडेपर्यंत उभा राहणार होता. रूपराव स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागला. पहिली. दुसरी.

“दिवान.”

आवाज चारही दिशांनी आला. कर्ण्यांतून. बायकी, बारीक, स्पष्ट.

सगळ्यांच्या माना स्टेजकडे वळल्या. कौशल्याबाई माइक तोंडापाशी धरून बसल्या होत्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ज्या दिवाणावर सकाळ-संध्याकाळ पाहुणे बसवून चहा द्यावा लागतो त्याचं नाव त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, की तीन वर्षं सह्या करून करून हात दुखला होता म्हणून निघालं, ते गावाला आजही ठरवता आलेलं नाही. सरपंच म्हणून जाहीररीत्या त्यांनी उच्चारलेला हा पहिला शब्द होता.

“दिवान!” चंद्रभान गरजला. तो शब्द त्यानं असा पकडला की जणू कोणी पुन्हा नेणार होतं. “निंबाचा झाला दिवान! एक डाव बोला, हर हर...”

पुढचं आखरानं म्हटलं. तोरण तुटायच्या आधीच दोन जोड्या बुजून पळाल्या. दांडीचा दोर सुटला आणि तोरण ओपन जिमवर जाऊन पडलं.

संध्याकाळी बैल घरोघर ओवाळायला फिरत असताना रूपराव चंद्रभानच्या दारात आला. एकटाच.

“तू भर पोळ्यात माहं नाव घेतलं, चंद्रभान.”

“मी?” चंद्रभान ओट्यावरून उठला नाही. “मले तं... नावच... याद राहत नाई, भाऊ.”

“मंग कोनं घेतलं?”

चंद्रभाननं हात गोल फिरवला. घरं, गल्ली, बैल, सगळं त्या हातात आलं. मग त्यानं खिशातून ठराव काढून पुढे धरला. ‘बौद्धिक विश्रांती’वर बोट ठेवलं. खाली समितीच्या सह्या होत्या, आणि सगळ्यात वर सरपंचाची.

रूपरावनं काही म्हणायला तोंड उघडलं. योग्य शब्द त्याला सापडेना. चंद्रभान थांबून, मान कलती करून, मदतीच्या सुरात म्हणाला, “झाडू?”

पुढच्या गुरुवारी काजलनं चित्रांची नवी थप्पी काढली. छत्री, कंगवा, किल्ली बऱ्या गेल्या. मग तिनं एक चित्र समोर ठेवलं. लाकडी दिवाण, चार पाय, वर फुलाफुलांची गादी.

“निंब,” चंद्रभान म्हणाला.

काजलनं पेन्सिल टेकवली. “जवळ आलात काका. लाकडापर्यंत आलात. पुन्हा पाहा. दि...”

“दिवान बी येते मले. दिवान, पलंग, बाज.” त्यानं तिन्ही शब्द टेबलावर एकेक ठेवावेत तसे ठेवले. “पन हा निंब आहे.”

“चित्रात दिवाण आहे पण.”

“तं चित्र चुकलं.”

काजलनं शकुबाईकडे पाहिलं. “बाई,” शकुबाई म्हणाली, “निंबच आहे तो. मी नाई सांगतलं हं त्यायले.”

काजलच्या कागदावर दोन रकाने होते, बरोबर आणि चूक. पेन्सिल दोन्हींच्या मधल्या रेघेवर जाऊन थांबली.

“लिही,” चंद्रभान म्हणाला. “निंब.”